नवं घर, कोकणातला पाऊस आणि चित्रवहीसाठी वेळ

ओसरी

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात माझी बदली झाली आणि पुण्यातला संसार आवरून आम्ही रत्नागिरीत आलो. मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली लेक. थिबा पॅलेसपासून चालत जाण्याच्या अंतरावर जांभ्याच्या एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. खाली घरमालकीण काकू राहतात. आता पुष्य नक्षत्र लागलंय, खोकी बहुतेक रिकामी झालीत, आणि मला तुम्हा सगळ्यांशी नव्या घरात चित्रवहीसाठी काढायच्या वेळाबद्दल बोलायचंय.

माझ्या वहीत थोडं लिखाण असतं, थोडी जलरंगातली चित्रं, चिकटवलेली तिकिटं, बाजाराच्या यादीचा तुकडा, कधी नुसता रंगांचा पट्टा. रोज लिहायचा नेम नाही.

घर बदललं की सगळे सांगतात, "आधी घर लागू दे, मग बस निवांत." मला हे पटत नाही. घर नवं असतं तेव्हाच ते दिसतं. जिन्याची कुठली पायरी उंच आहे, दुपारचं ऊन कुठल्या लादीपर्यंत येतं, खालून फोडणीचा वास किती वाजता वर येतो, रात्री कुठलं दार आपोआप करकरतं. महिना-दोन महिन्यांत डोळे-कान सरावतात आणि यातलं काहीच जाणवेनासं होतं. म्हणून वही पहिल्या खोक्यातून बाहेर यायला हवी. सामान बांधताना मी वही, रंगपेटी आणि पेन्सिली चहा-साखरेच्या डब्यांबरोबरच भरल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी चहा झाला आणि वहीही उघडली.

आम्ही आलो ती वेळ आगोटीची. पावसाआधी घर चार महिन्यांसाठी सज्ज करायचं. काकूंकडे कांद्याच्या माळा आड्याला चढत होत्या, आमसुलं वाळत होती, सोडे-सुकट डब्यांत भरली जात होती, पडवीला झापं बांधायला माणूस आला होता. मी त्यांना विचारलं, आम्ही वरच्या मजल्यावर काय करायचं? काकू वर आल्या, खोल्यांतून फिरल्या आणि सांगत गेल्या: या खिडकीतून झड आत येते, इथे गादी नको. हा कोपरा ओल धरतो, इथे पुस्तकांचं कपाट नको. कपडे वाळवायची दोरी या दोन खिळ्यांना. मी मागून पेन्सिलीने घराचा नकाशा काढत होते. वहीचं पहिलं जोडपान तेच झालं. झडीच्या जागा निळ्या, ओलीच्या करड्या, उन्हाच्या पिवळ्या. सामान कुठे लावायचं ते आम्ही त्या पानावर बोट ठेवून ठरवलं.

पुढची पानं मी तारखांनी पाडली नाहीत, पावसाच्या नक्षत्रांनी पाडली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, असं हस्तापर्यंत. एकेक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं, त्याला एक जोडपान. त्या दिवसांत दहा मिनिटं मिळोत की दोन तास, पान थांबून राहतं. आज राहिलं, काल राहिलं, असा हिशेब डोक्यावर बसत नाही. मृगाच्या पानावर लेकीने मखमली लाल किडे काढलेत. आर्द्रेच्या पानावर शेजारच्या मळ्यातली लावणी आणि माझ्या ऑफिसातल्या पहिल्या पावसाळी डब्याची गोष्ट. पुनर्वसूच्या पानावर मिरकरवाडा बंदरात शाकारून ठेवलेल्या होड्या, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लेक पंचांगात बघून त्या नक्षत्राचं वाहन, म्हणजे पावसाचा अंदाज सांगणारा प्राणी, काढते.

वेळ मिळतो तो मुख्यतः लाइट गेल्यावर. इथे जोराचा वारा सुटला की ती जातेच. एका चार्जिंगच्या दिव्याभोवती आम्ही चौघं जमतो. सासूबाई वाती वळतात, बाकीचे वहीत काहीतरी करतो. त्या उजेडात रंग खरे दिसत नाहीत, म्हणून तेव्हा फक्त रेषा आणि शब्द. रंग दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता अडचण सांगते. हवा इतकी दमट आहे की कागद सादळतो, शाई फुटते, चिकटपट्ट्या सुटून येतात, रंग तासन्‌तास वाळत नाही. कोकण-गोव्यातली मंडळी यावर काय करतात? आणि घर बदलल्यावर तुम्ही वहीला वेळ कसा दिलात?

---

कातळफूल

ओसरी, स्वागत आहे कोकणात. मी राजापूर तालुक्यात चित्रकला शिकवते, त्यामुळे सादळलेल्या कागदाशी दर वर्षी गाठ असते. जमेल तसं क्रमाने सांगते.

कागद: साध्या वहीचा कागद ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), म्हणजे पातळ असतो. पावसाळ्यात त्यावर फाउंटन पेन चालवू नका. हवेतली ओल कागदाचे तंतू आधीच प्यालेले असतात, कागदावरचं खळीचं आवरण सैल पडतं आणि शाई तंतूंतून बाजूला धावते. जलरंगासाठी ३०० जीएसएमचे सुटे कागद घ्या, पोस्टकार्डाएवढे कापा, रंगवा, पूर्ण वाळले की वहीत चिकटवा. त्यामुळे अख्खी वही ओली होत नाही. पुण्याला जाणं झालं तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जरूर जा. १९४० सालची संस्था आहे. चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेऊन बघा.

रेषा: पेन्सिल. ग्रॅफाइट पाण्याने पसरत नाही आणि सादळलेल्या कागदावरही उमटतं. पेनच हवं असेल तर रंगद्रव्याची, वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी शाई असलेलं बारीक टोकाचं पेन घ्या. साधं बॉलपेनही उत्तम, त्याची शाई तेलकट असते.

चिकटवणं: जपानी कागदी पट्ट्या मुळातच कमी चिकट असतात, उचलून परत लावता याव्यात म्हणून. दमट हवेत त्या टिकणार नाहीत. मैद्याची खळ करत असाल तर तीही पावसाळ्यात नको, बुरशी आणि झुरळं दोन्ही येतात. पांढरा फेविकॉल बोटाने अगदी पातळ लावा.

वाळवणं: इस्त्रीवर भरवसा ठेवा. दोन टीपकागदांमध्ये पान ठेवून कमी उष्णतेवर, वाफ बंद करून. रंग ओला असताना मात्र नाही.

एक विनंती. आता ऑगस्ट-सप्टेंबरात सडे, म्हणजे कातळाची पठारं, फुलतील. सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा. रत्नागिरीच्या आसपासच्या कातळांवर जाल तर फुलं तोडून वहीत दाबू नका. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. वीतभर मातीही नसलेल्या कातळावर एका पावसाळ्यात उगवून, बी धरून ती संपते. ते फूल तोडलं तर पुढच्या वर्षीचं बी गेलं. तिथेच उकिडवं बसून चित्र काढा. उक्षीला गेलात तर कातळावर कोरलेला हत्तीही भेटेल. पाऊस पडून गेल्यावर खाचांत पाणी साचतं आणि आकृती फार स्पष्ट दिसते. चित्र काढायला त्याहून चांगला दिवस नाही.

---

विदर्भकन्या

ओसरी, तुझी पानं बघावीशी वाटतायत. पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडते.

मी दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून नागपूरला आले, एकत्र कुटुंबात. मीही घराचंच लिहायला सुरुवात केली होती. दूधवाला कधी येतो, कूलरची खस कुठे मिळते, कुठल्या नळाला पाणी केव्हा. हळूहळू घरातले सगळे माझ्या वहीत बघायला लागले. "गॅसचा नंबर तुझ्या वहीत असेल ना?" "पाहुण्यांना काय दिलं होतं मागच्या वेळी, बघ बरं." वही सगळ्यांची झाली. मी तिच्यात जे लिहायला बसले होते, माहेरची आठवण, सोडून आलेली नोकरी, ते लिहायला जागाच उरली नाही. बाईच्या हातातली वही घराची नोंदवही व्हायला फार वेळ लागत नाही, गं.

आता माझी वही घराबद्दल नसते. पहाटे, कूलरच्या टाकीत पाणी भरायच्या आधी, मी गच्चीवर बसते. तिथे कोणी नसतं. मी शब्दांत घर येऊ देत नाही. आकाश येतं, शाळेतल्या मैत्रिणी येतात, न झालेले प्रवास येतात. मला वाटतं, नव्या घरात बाईला स्वतःसाठी दार लावता येईल अशी एक तरी जागा हवी. खोली मिळत नसेल तर वही.

आणि तुमच्या उलट अडचण आमच्याकडे: मे महिन्यात ४५ अंशांत जलरंगाचा हात फिरवेपर्यंत कड वाळते. त्या दिवसांत मी कोरड्या रंगकांड्याच वापरते.

---

गच्चीवरून

विदर्भकन्या, +१. अगदी हेच.

---

तिसरा_मजला

दोन्ही बाजू वाचल्या. आमची गोष्ट थोडी वेगळी आहे.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. पुनर्विकासात पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या, त्यांत आमचं घर होतं. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. स्वतःचं संडास-बाथरूम, लिफ्ट, खिडकीतून उजेड. आईने सत्तर वर्षं ज्याची वाट पाहिली ते घर. आनंद झालाच, खूप झाला. पण आई दुपारी दार उघडं टाकून बसायची आणि बाहेरून कोणी जायचंच नाही.

चाळीत मजल्यावर मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. वीस दारं. मी आईसमोर वही ठेवली आणि म्हटलं, आपण ही वीस दारं काढू. मला चित्रकला येत नाही. मी फक्त चौकटी आखल्या आणि आई सांगत गेली. एका दारावर तोरण बारमाही. एकाच्या बाहेर स्टोव्ह दुरुस्तीचं सामान. एका खोलीत गिरणीत रात्रपाळी करणारे चार जण, त्यांच्या दाराशी दिवसा आवाज करायचा नाही. एका दाराला कडीच नव्हती. कोण कुठल्या गावचं, कोणाच्या घरी गणपती, कोणाचं लग्न बोळात मांडव घालून झालं. प्रत्येक दाराला एक पान. आई आधी दहा मिनिटांत दमायची, मग तीच हाक मारायला लागली, "चल, दार काढायचंय."

चौदा-पंधरा दारं झाल्यावर तिने मला वही घेऊन लिफ्टने खाली पाठवलं. दोन दारांवरची नावं तिला आठवत नव्हती आणि ती कुटुंबं याच टॉवरमध्ये वेगळ्या मजल्यावर आहेत. मी जाऊन विचारलं. त्या घरातली आजी वही बघून माझ्याबरोबर वर आली. आता त्या दोघी दुपारच्या एकत्र असतात.

ओसरीताई म्हणतात ते मला पटतं, वही लवकर काढावी. फक्त आमच्या वहीत नव्याआधी जुनं घर आलं. ते कागदावर उतरल्याखेरीज आई नव्या घरात राहायला आलीच नसती.

---

ओसरी

तिसरा_मजला, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी पुण्यातल्या घराबद्दल आजवर काही म्हटलं नव्हतं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आपल्या मागच्या अंगणातली सदाफुली काढशील का?" आज सकाळी काढली. पाकळ्यांचा रंग त्यांनीच सांगितला, मी दोनदा बदलला.

विदर्भकन्या, तुझं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. खरं आहे ते. माझ्या वहीतही घर पुष्कळ आहे आणि ते सगळ्यांचं आहे. म्हणून आता एक करतेय: वही उलटी करून मागच्या बाजूने दुसरी सुरुवात. पुढून घर, नक्षत्रं, लेकीची वाहनं. मागून फक्त मी. ती बाजू कोणी उघडायची नाही, हे सगळ्यांना सांगून टाकलंय. लेकीने विचारलं, "मलाही अशी मागची बाजू चालेल?" तिला वेगळी वही आणून दिली.

कातळफूल, सुटे कागद कापून रंगवायची युक्ती लगेच अमलात आणली. फार उपयोगी पडली. हातकागद संस्थेत दिवाळीत जाईन.

---

निवृत्त_मास्तर

ओसरीताई, पावसाच्या नक्षत्रांनी पानं पाडायची कल्पना मला अतिशय आवडली. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा, हस्ताचा हत्तीचा; आपल्या लोकांनी प्रत्येक पावसाला स्वभाव दिलाय. तुमच्या पानांची शीर्षकं तयारच आहेत.

लेकीला वाहनं कशी ठरतात तेही सांगा, तिला गणित करायला आवडेल. सूर्य ज्या दिवशी नव्या नक्षत्रात जातो, त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस असं जुने लोक मानत. हा ठोकताळा आहे, हवामानशास्त्र नव्हे. म्हणून तिला पानावर दोन रकाने करायला सांगा, वाहन काय म्हणतं आणि प्रत्यक्षात काय पडलं.

कागदाबद्दल: आमच्या घरी पोथ्या सुती कापडात बांधून ठेवत आणि कपाटात वेखंडाचे तुकडे. कसर लागत नसे. प्लास्टिकच्या पिशवीत वही ठेवू नका, आतली ओल आतच राहते. आणि मी स्वतः रोजनिशी लिहितो ती रात्रीची नव्हे, दुपारच्या चहाच्या वेळची. रात्री मन दिवसाला नावं ठेवतं. दुपारी दिवस अजून चालू असतो.

तुमच्याच गावात १८२८ साली स्थापन झालेलं नगर वाचनालय आहे. नव्या गावात ओळखी करायच्या असतील तर तिथलं सभासदत्व आधी घ्या. गावाबद्दल वहीत लिहायला तिथे आयुष्यभर पुरेल एवढं मिळेल.

---

म्हापसेकार

मास्तरांच्या 'प्रत्यक्षात काय पडलं' या रकान्यासाठी पर्जन्यमापक घरीच होतो. सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, म्हणजे नरसाळं होतं. बाटलीच्या तळाला वळ्या असतात, तिथवर पाणी भरून ती शून्याची रेघ धरा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवू नका, मोकळ्यावर ठेवा आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत अडकवा. बाटलीचं कापलेलं तोंड आणि पोट एकाच रुंदीचं असलं तर पट्टीवर वाचाल तेवढा पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलीला बादलीने दाखवा.

हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तीच वेळ धरा. मग पेपरातला रत्नागिरीचा आकडा आणि तुमच्या अंगणातला शेजारी शेजारी लिहिता येईल. दोन्हींत फरक पडेल आणि त्यातच गंमत आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा बाटली मोठी घ्या. आमच्या घरात मी जूनपासून एका लांब पट्टीवर रोजचा पाऊस निळ्याच्या छटांत रंगवतो. कोरडा दिवस पांढरा. वेळ लागतो दोन मिनिटं. ज्या दिवशी बाकी काही होत नाही त्या दिवशीही तेवढं होतं.

---

नवी_डोंबिवली

मला विचारायचंय. आम्ही मागच्या महिन्यात डोंबिवलीत राहायला आलो. मूल दीड वर्षाचं. लोकलने येणं-जाणं. वरचं सगळं वाचून खूप हुरूप आला, पण माझ्याकडे टेबलही नाही आणि बसायला वेळही नाही. रंग काढले तर मूल तोंडात घालेल. सुरुवात कुठून करू?

---

कातळफूल

नवी_डोंबिवली, टेबल नको आणि रंगही नको. पर्समध्ये मावेल अशी छोटी वही आणि एक मऊ पेन्सिल, ४बी चालेल. गाडीत बसायला मिळालं तर समोरच्याची पिशवी, हात, चप्पल एवढंच काढायचं. चेहरे नकोत, लोक अवघडतात. उभं राहावं लागलं तर एक वाक्य मनात ठरवायचं आणि स्टेशनवर उतरल्यावर लिहायचं. घरी मूल झोपल्यावर त्याचे तळवे कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरव. शेजारी तारीख. दर महिन्याला एकदा.

---

विदर्भकन्या

आणि नवी_डोंबिवली, आठवड्यातून एक संध्याकाळ अर्धा तास बाळ बाबाकडे असेल हे आत्ताच, घर नवं असतानाच ठरवून घे. नव्या घरात जे नियम पहिल्या महिन्यात पडतात ते टिकतात. नंतर मागायला गेलं की जास्तीचं मागितल्यासारखं वाटतं.

ओसरी, मागच्या बाजूचं वाचून बरं वाटलं.

---

ओसरी

नवी_डोंबिवली, वरच्या दोन्ही गोष्टी कर. तळव्यांचं पान झालं की इथे कळव.

म्हापसेकार, बाटली लावली. काकूंनी अंगणातली मोकळी जागा स्वतः दाखवली आणि आता साडेआठला त्याच खालून आकडा ओरडून सांगतात. काल त्यांनी विचारलं, "वहीत माझ्या आगोटीचं काय काय लिवलंस?" पानं दाखवली. नकाशावर त्यांनी दोन चुका काढल्या: एका खिडकीतून झड फक्त ऑगस्टपर्यंत येते, आणि न्हाणीघराच्या वरच्या कौलाची ओल मी धरलीच नव्हती. दुरुस्त केलं.

मास्तर, वाचनालयाचं सभासदत्व शनिवारी घेतेय. लेक भागाकार करत बसलीय. मघांचं वाहन तिचं तिने काढून मग पंचांगाशी ताडून बघायचं म्हणते, म्हणून पंचांग सध्या सासूबाईंच्या उशाखाली आहे. उत्तर आलं की लिहिते.